ताट माझ्या लेकरापुढून गेलं

५ मे, रविवार

आज चर्चमध्ये महिन्याचं प्रभुभोजन. पोळी माझ्या हातची, द्राक्षरस माझ्या हातचा, आणि ताट माझ्याच पोराच्या पुढून सरळ निघून गेलं.

हे लिहितेय ते रागाने. रडू अजून आलेलं नाही, यायचं तेव्हा येईल.

सुहास शुक्रवारीच नांदेडहून आला होता. चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला, हे बसायचे त्याच बाकावर बसला. पाळकसाहेब ताट घेऊन एकेकापुढे थांबत आले. सुहासने हात पुढे केला. ते थांबले नाहीत. शेजारच्याला तुकडा दिला. पोराचा हात क्षणभर तसाच उघडा राहिला, मग त्याने तो मांडीवर ठेवून दिला. बायकांच्या बाजूने मी सगळं पाहिलं.

कारण आता साऱ्या मंडळीला माहीत आहे. मागल्या महिन्यात भाऊजींनी लातूरचं एक स्थळ आणलं. भाऊजी म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ गुलाबराव, निवृत्त हेडमास्तर, मंडळीचे मुख्य पंच. सुहासने आडपडदा न ठेवता सांगितलं, "काका, मी मुलीशी लग्न करणार नाही. मी नागेशसोबत राहतो. संसार करतात तसं." भाऊजींनी ते पाळकसाहेबांना सांगितलं, पाळकसाहेबांनी कमिटीला, आणि कमिटीने उदगीरला.

मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. दोन वर्षं मी देवाशी भांडले. कोणी हरलं नाही, पण आम्ही एकमेकांशी बोलणंही सोडलं नाही. आता हे माणसांशी भांडण आहे. ते मला चांगलं जमतं.

सु. दुपारच्या बसने परत गेला. जाताना म्हणाला, "मम्मी, पोळी मात्र मऊ झाली होती म्हणे." हसत होता. ते हसणं मला बघवेना.

७ मे, मंगळवार

भाऊजी आले. हातात छत्री, काखेत पवित्र शास्त्र. मी माठातलं पाणी दिलं. पेला अर्धाच भरला, टँकर परवा येणार.

"वहिनी, मला बी वाईट वाटलं. पण नेम हाय. पोरानं मंडळीसमोर उभं राहून पापकबुली द्यावी, त्याला सोडून यावं, मग ताट त्याचंच हाय."

मी म्हटलं, "कोर्टानं तर मागल्याच साली सांगितलं, गुन्हा नाही म्हणून."

"कोर्टात गुन्हा असतो वहिनी. देवळात पाप असतं. दोन्ही येगळं."

"मग पाप म्हणजे काय, तेवढं सांगा. तुम्ही हेडमास्तर. व्याख्या द्या."

भाऊजींना प्रश्न विचारलेला आवडतो. चष्मा पुसला. म्हणाले, पाप म्हणजे नेम चुकणं. देवानं दाखवली ती खूण सोडून बाण दुसरीकडं जाणं. मोशेचं नियमशास्त्र, पौलाची पत्रं, सगळं ओळीने सांगितलं. पाठ आहे त्यांना.

मी म्हटलं, "नियमशास्त्रात डुक्कर खाऊ नये असंही आहे. नाताळात कोण खातं ते सांगू?"

उठलेच. दाराशी गेल्यावर मी सांगून टाकलं, ह्यापुढे प्रभुभोजनाची पोळी आणि रस मी करणार नाही. ज्या पंगतीत माझ्या लेकराला वाढत नाहीत, तिथली वाढपीण मी होणार नाही.

"वहिनी, पंचवीस वर्सं झाली तुम्ही करून राहिल्या."

"म्हणूनच म्हणते."

ते गेल्यावर मस्त झोप लागली. दुपारी, त्रेचाळीस डिग्रीत.

१० मे, शुक्रवार

सु.ला फोन. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचलेली. "मम्मी, माझ्यासाठी तमाशा करू नको."

मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी करतेय. चाळीस वर्षं नर्स होते, कोणत्या पेशंटला औषध द्यायचं आणि कोणाला नाही, असं कधी केलं नाही.

तो म्हणाला, "तुला ती गोष्ट आठवते ना, रथात बसून शास्त्र वाचणाऱ्या त्या परदेशी दरबाऱ्याची? देहाने वेगळा होता, मंदिरात आत घेत नव्हते त्याला. वाटेत पाणी दिसलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला आता काय अडचण आहे? आणि कोणालाच अडचण सांगता आली नाही. मला ती एक गोष्ट पुरते."

मागून नागेशचा आवाज, "मावशी, पाणी दिसलं तर आम्हाला बी सांगा!" ह्या पोराला मी तीनदाच भेटले आहे. चाकूरकडचा लिंगायत, नांदेडला चष्म्याचं दुकान. आगाऊ आहे. पण हसले मी.

१८ मे, शनिवार

पाळकसाहेब येऊन गेले. वयाने सुहासएवढेच, भोकरकडचे. बिचारे घामाने भिजलेले. म्हणाले, "बाई, त्या दिवशी माझा हात थांबत होता. पण कमिटीने ठरवलं होतं. आणि पौलाने लिहिलंय ते मी खोडू शकत नाही. मी शास्त्र लिहिलं नाही, मी फक्त वाचतो."

"वाचताना आवाज तुमचाच असतो की."

रुमालाने मान पुसली. मग म्हणाले, माझ्या कॉलेजात दोन मास्तर होते. एक म्हणायचे, पौलाने त्या काळच्या लबाड, बळजोरीच्या संबंधांबद्दल लिहिलं, दोन माणसांच्या एकनिष्ठ संसाराबद्दल नाही. दुसरे म्हणायचे, शब्द स्पष्ट आहेत, पळवाटा काढू नका. दोघेही भले होते. दोघेही गुडघ्यावर बसून प्रार्थना करायचे.

"आणि तुम्ही?"

"मी परीक्षेत दोन्ही लिहिलं."

खरं बोलणारा माणूस. राग थोडा उतरला, सगळा नाही. पोळीचं विचारायला आले होते, ते न विचारताच गेले.

३० मे, गुरुवार

टँकर आला. गल्लीत बायकांची हमरीतुमरी. रत्नमालाने माझ्याआधी नळी लावली आणि वर मला ऐकवलं, "ह्या टायमाचं प्रभुभोजन माझ्याकडं हाय बाई, मला पाणी जास्ती लागंल." रत्नमाला महिला मंडळाची सेक्रेटरी. मनाने वाईट नाही, पण तिला कोणी काही शिकवलेलं चालत नाही. मनुका कशा घेते, रस उकळायचा किती, मला विचारेल असं वाटलं होतं. नाही विचारलं. मीही आपण होऊन गेले असते, पण तिने दार लावून घेतलं.

शनिवारी टँकर नाही. जिल्हावाल्यांचा रास्ता रोको आहे. 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. लातूरचा जिल्हा झाला, आमच्या तालुक्याचा पाळणा अजून हलतोय. पाणी मागायला रस्ता अडवत नाहीत, जिल्हा मागायला अडवतात, आणि त्याच रस्त्याने पाणी येतं. आता बोला.

२ जून, रविवार

देवा, मला हसू आवरत नाही. पाप असेल तर क्षमा कर.

शनिवारी टँकर नाही म्हणून रत्नमालाने गुरुवारीच रस करून ठेवला. काळ्या मनुका भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या, वर साखर घातली, आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये झाकण घट्ट लावून पत्र्याच्या खोलीत ठेवून दिला. उकळलाच नाही, गॅस संपत आला होता म्हणे. फ्रीज लाइट नसल्यामुळे बंदच. गुरुवार ते रविवार, उदगीरच्या उन्हात.

मी मागच्या बाकावर, काही न घेता बसलेली. तिने कॅनचं झाकण फिरवलं तर फस्सऽऽ. पहिल्या दोन बाकांनी वळून पाहिलं. फेस आला. तिला वाटलं, ताजा आहे म्हणून.

पेले फिरले. आमची मंडळी दारूबंदीवाली. दर नव्या वर्षी भाऊजी सगळ्यांना उभं करून शपथ देतात, थेंबालाही शिवणार नाही म्हणून. पेला तोंडाला लावल्यावर एकेकाचा चेहरा! यमुनाआत्या नव्वदीच्या, त्यांनी पेला चाटून पुसून घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, "ह्या वक्ताचा रस लई ग्वाड लागला गं बाई."

आणि आमचा रिवाज. प्रभुभोजनाचा उरलेला रस सांडायचा नाही, बाटलीत परत भरायचा नाही. मुख्य पंचाने तिथेच संपवायचा. भाऊजींनी उभ्या उभ्या सगळे उरलेले पेले संपवले. शेवटचं गीत त्यांनी दोन पट्ट्या वर धरलं. मग चर्चमागच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसले ते घोरायलाच लागले.

कळलं सगळ्यांना, रस आंबून दारू झाली होती. रत्नमाला पदर तोंडात कोंबून रडत घरी गेली. मी हसत घरी आले.

३ जून, सोमवार

आज हसले नाही.

भाऊजी अंथरुणाला खिळले आहेत असा निरोप आला. गेले. बीपी पाहिलं, ठीक. उन्हाचा थकवा आणि उपाशीपोटी. ताक दिलं. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "वहिनी, मी बाटलो. माझा बाप ह्याच्यापायीच गेला, तुम्हाला ठावं हाय. त्याच्या मढ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती."

मला माहीत होतं. ह्या घराण्यात सगळ्यांना माहीत आहे. मी नुसती बसून राहिले. टोमणा मारायचा म्हणून वाटेत चार घरं आधीपासून जुळवून आणला होता, तो तसाच गिळला. म्हटलं, भाऊजी, तुम्हाला कळलं तरी होतं का?

"तेच तर. कळलं न्हाई."

"मग झोपा."

९ जून, रविवार

आज जिंकले! तारीख लाल शाईने लिहायला हवी, पण लाल पेन सापडेना.

उपासनेनंतर मंडळीची सभा. तरुण संघाच्या एकाने ठराव मांडला: नियम सगळ्यांना सारखा, ज्याने ज्याने तो रस घेतला त्याने उभं राहून पापकबुली द्यावी, आणि रत्नमालाबाईंना सहा महिने ताटापासून दूर ठेवावं. रत्नमाला खाली मान घालून. आठ दिवसांत कोणी तिच्या दारात गेलं नव्हतं.

भाऊजी उठले. आजारातून उठलेला माणूस, आवाज मात्र हेडमास्तरांचा. "ह्या बाईचं पाप न्हाई. माझं बी न्हाई. पाप चुकून होत न्हाई. जे आपण ठरवलं न्हाई, निवडलं न्हाई, ज्याच्यानं कुणा शेजाऱ्याचं वाईट केलं न्हाई, त्याला पाप म्हणायचं असंल तर देवाच्या न्यायाला काय अर्थ राहिला? मी आठ दिवस ह्याच्यावर प्रार्थना करून राहिलो. देवानं मला मोकळं केलं."

सगळी मंडळी म्हणाली, आमेन. मीही म्हणाले. आणि उठले.

म्हटलं, "भाऊजी बोलले त्यातला शब्द न् शब्द मला मान्य. आता एकच विचारते. माझ्या लेकरानं कोणत्या दिवशी बसून ठरवलं होतं, मी असा होणार म्हणून? आणि त्याने कोणाचं वाईट केलं? नाव सांगा. एक नाव सांगा, मी इथंच गुडघे टेकून त्याची कबुली देते."

सगळ्यांनी गीतपुस्तकं उघडली, गीत कोणी सांगितलं नव्हतं तरी.

भाऊजी पांढरे पडले, पण पडते घेणारे नाहीत. म्हणाले, "वहिनी, मनात येणं निवडलं नसंल. मानतो. पण मनात येणं येगळं आन् तसं जगणं येगळं. संसार तर त्यानं निवडला का न्हाई?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरंच नव्हतं.

तेवढ्यात कोण उठावं? रत्नमाला. "मला काय शास्त्र कळत न्हाई. आठ दिवस माझ्या दारात कुणी आलं न्हाई. टँकरवर बायका माझ्यापसून हात लांब ठिवून राहिल्या. त्या पोराला आपण तसंच केलं. मला ठावं हाय आता कसं वाटतं ते. मला घ्यायचं असंल ताटावर तर त्याला बी घ्या, न्हाईतर मला बी नगं."

यमुनाआत्या म्हणाल्या, "हाव. खरं हाय." त्यांना किती ऐकू आलं होतं देव जाणे.

मग पाळकसाहेब उभे राहिले. कपाळावर घाम. म्हणाले, ज्याने त्याने आपली परीक्षा स्वतः करून ताटाकडे यावं असं शास्त्र सांगतं. दुसऱ्याची परीक्षा घेऊन त्याला परतवा असं मला त्यात सापडत नाही. पुढल्या प्रभुभोजनाला मी कोणापुढूनही ताट परत नेणार नाही. कमिटीला मान्य नसेल तर कमिटीने मला सांगावं.

रत्नमाला मला दारात भेटली. दोघी गळ्यात पडून रडलो. मग मी तिला म्हटलं, आता तरी शीक, रस आधी उकळतात.

१० जून, सोमवार

सु.ला फोन केला. सगळं नक्कल करून सांगितलं. भाऊजींचा आवाज, आत्याचं हाव, फस्सऽऽ. तो पोट धरधरून हसला. मग हसणं मध्येच तोडलं.

"काय झालं?"

"मम्मी, मी चुकून आंबलेला रस नाही."

"म्हणजे?"

"तू म्हणालीस, ह्याने काही निवडलं नाही, ह्याचा दोष नाही, म्हणून ह्याला घ्या. काकांना चूक माफ झाली तशी मलाही माफ. पण काकांनी विचारलं ते बरोबर विचारलं. नागेशला मी निवडलंय. रोज निवडतो. ते मला माफ करून नको आहे."

मी म्हटलं, एवढं भांडून जागा मिळवली तर ह्यात पण खोड काढ. ठेवून दिला फोन.

११ जून, मंगळवार

पोरगं बापावर गेलंय. हे पण असेच, जिंकलेला डाव उलटून बघायचे.

भाजी करपली. लक्ष नव्हतं.

१५ जून, शनिवार. नांदेड

एस.टी.ने देगलूरमार्गे आले. न कळवता. वाटेत दोन्ही बाजूंनी नुसती काळी ढेकळं, हिरवं म्हणून एक बाभूळ.

दार नागेशने उघडलं. अंघोळ करून आलेला, डाव्या तळहातावर पूजेचं इष्टलिंग, डोळे अर्धे मिटलेले. बोलला नाही, मानेनेच आत या म्हणाला. पूजा संपेपर्यंत सु.ने रेडिओ बंद ठेवला आणि मला खुणेनेच चहा दिला. रोजचं असावं ते. मग नागेश पाया पडला आणि पुढच्याच मिनिटाला दोघं भांडले, पाण्याच्या ड्रमचं झाकण कोणी उघडं टाकलं म्हणून. दहा मिनिटं. मी आणि हे असेच भांडायचो.

खालच्या मजल्यावरची बाई पाणी भरताना म्हणाली, "तुम्हीच का ह्या पोरांच्या आई? चांगले हायत हो. माझ्या सासूला ह्यांनीच दवाखान्यात नेलं." ह्या पोरांच्या, म्हणाली.

सु.ला मागल्या साली डेंग्यू झाला होता. मला कळवलंच नव्हतं. नागेश दुकान बंद ठेवून आठवडाभर दवाखान्यात बसून होता. ते आज कळलं, तेही बोलण्याच्या ओघात. नागेशची आई त्याच्याशी बोलत नाही. पण चाकूरहून कंडक्टरच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवते. डब्यात झाकणापर्यंत भरून. मी ती खाल्ली. बोलत नाही म्हणे!

दुपारी सु. शेजारी येऊन बसला. मी म्हटलं, तुझं खरं आहे. मी जिंकायला बोलले, खरं सांगायला नाही.

"मग?"

"मग काय. पुन्हा बोलते."

"मम्मी, मिळालेली जागा जाईल."

"गेली तर गेली."

नागेश मध्येच, "मावशी, तुमच्यासमोर मोर्चा बी काई न्हाई." थापड दिली एक त्याला. पाठीवर, हळू.

३० जून, रविवार

साक्षीची वेळ. आमच्यात ज्याला वाटेल त्याने उभं राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. सहसा ताप उतरला, पोरगी पास झाली असं असतं.

मी पुढे गेले. म्हटलं, "त्या सभेत भाऊजींनी मला विचारलं, संसार तर त्यानं निवडला का नाही. मला उत्तर आलं नाही. आज देते. हो, निवडला. मी नांदेडला जाऊन दोन दिवस राहिले. एकाच्या पूजेला दुसरा रेडिओ बंद करतो. एक आजारी पडला तर दुसरा दुकान बंद करतो. खालच्या म्हातारीला दोघं मिळून उचलून नेतात. झाड फळावरून ओळखावं असं आपण लेकरांना संडे स्कूलमध्ये शिकवतो. मी फळ पाहिलं, खाल्लं. नेम चुकला म्हणता, मला तर बाण खुणेवरच लागलेला दिसला. माझ्या पोराला चूक म्हणून माफ करू नका. घ्यायचं तर चांगला म्हणून घ्या. हीच माझी साक्ष."

आमेन कमी आले. दोन घरं उठून गेली, चपलांचा आवाज करत. रत्नमाला मात्र इतक्या जोरात आमेन म्हणाली की तिचीच नात दचकून रडायला लागली.

पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं. आवाज कापत होता, पण दिलेला शब्द मागे घेतला नाही.

फाटकाशी भाऊजी. छत्री मिटलेली, उन्हात उभे. "वहिनी, पहिलं बोलल्या ते माझ्या गळी उतरलं होतं. हे न्हाई उतरत."

"मला खोटं सांगून तुमच्या गळी उतरवायचं नाही भाऊजी."

"हाव. ते बी हायच." मग छत्री उघडत, "पोळी कोण करून राहिलं ह्या वक्ताला?"

"मी."

घरी येऊन आरशात पाहिलं. त्रेसष्ट वर्षांची, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा, जणू जिल्हा आम्हालाच मिळाला. इतकं हलकं मला ह्यांच्या मागे कधी वाटलं नव्हतं.

६ जुलै, शनिवार

टँकर आला. मनुका भिजवल्या, उकळल्या, गाळल्या. रत्नमाला शेजारी पाटावर बसून बघत होती, शिकतेय म्हणाली. दर मिनिटाला मध्ये बोलत होती.

संध्याकाळी पोरं आली. दोघंही. नागेश म्हणाला, मी काही ताटातलं घेणार नाही मावशी, माझं इष्टलिंग माझ्यापाशी, मी ह्याच्या बाजूला नुसता बसेन. बस म्हटलं. बाकाला जात नसते.

कमिटीतल्या दोघांनी लातूरला मोठ्या पाळकांकडे तक्रार केली आहे असं कळलं. करू देत. पाळकसाहेबांना विचारलं, भीती वाटते का. म्हणाले, "वाटते. पण ह्या परीक्षेत एकच उत्तर लिहायचं ठरवलंय."

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. ताट कधी पाळकसाहेब फिरवतात, कधी पंच, आणि उद्या पुरुषांच्या बाजूला ती पाळी भाऊजींची आहे.

७ जुलै, रविवार, सकाळ

घाईत लिहितेय. पोळी झाली. मऊ झाली.

प्रभुभोजनाचं सामान आमच्या घरून चर्चला न्यायला मुख्य पंचाने यायचं असतं. भाऊजी येतील की दुसऱ्याला पाठवतील, ह्यावर नागेश आणि रत्नमालाची पैज लागली होती. कोणी काय लावलं, सांगत नाहीत.

भाऊजी आले. दार सुहासने उघडलं. दोघं उंबरठ्याच्या अलीकडे पलीकडे. सलाम काका म्हणाला. त्यांनी सलाम घेतला, वर पाहिलं नाही. आत आले, पोळीचं ताट पाहिलं, वरचा रुमाल नीट केला. मी बाजूला सरून वाट दिली. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

पेल्यांची लाकडी पेटी जड असते. एकट्याला उचलत नाही. दरवेळी ते बरोबर कोणालातरी घेऊन येतात. आज एकटेच आले होते.

पेटीच्या एका कडेला हात घातला आणि खालमानेनेच म्हणाले, "सुहास, धर रे त्या कडंनं. हळू. पेले काचेचे हायत."

ताट माझ्याच हातात राहिलं आहे, ते मी घेऊन निघते. खिडकीतून दिसतात दोघं. भाऊजी बुटके, सु. उंच, पेटी एका बाजूला कललेली. काहीतरी बोलत आहेत. काय ते इथून ऐकू येत नाही. ताट त्याच्यापुढे आल्यावर ते थांबतील की नाही, तासाभरात कळेल.

नागेश दारातून ओरडतोय, मावशी, घंटा झाली, चला.